मूळ मालक हयात असेपर्यंत

कार्बनच्या सायकलीला आवाज येऊ लागला, की पुण्यातल्या रविवारच्या सायकल-गटांत जो उत्साह संचारतो तो कुणी नवी सायकल घेतली तरी संचारत नाही. नव्या सायकलीचं कौतुक दोन मिनिटांत उरकतं आणि शिवाय मनाला कुठेतरी लागतं. आवाजाचं तसं नाही. आवाज दुसऱ्याच्या सायकलीचा असतो आणि निदान आपलं असतं.

सिंहगडाच्या पायथ्याशी चहा होईपर्यंत माझ्या सायकलीची पाच निदानं झाली होती. पहिला म्हणाला, पेडल. दुसरा म्हणाला, छे, बीबी. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, जिथून पेडलच्या दांड्यांचा आस फ्रेममधून आरपार जातो ती जागा. काहीही बिघडलं तरी आधी बीबीचं नाव घ्यायचं अशी पद्धतच आहे. तिसऱ्याने सीटपोस्ट उपसून पेस्ट लावायला सांगितली, चौथ्याने हेडसेटवर, म्हणजे हँडल फ्रेममध्ये फिरतं त्या सांध्यावर, बोट ठेवलं आणि पाचवा, जो खरोखरीचा डॉक्टर आहे, पेशाला जागून म्हणाला, "आठवडाभर बघू. नाही थांबलं तर एक-एक बदलत जाऊ."

ते एक-एक बदलत जाण्यात बराच काळ आणि बराच पैसा गेला. पोकळ कार्बनच्या नळ्यांची ही खोड आहे. तंबोऱ्याचा आवाज घुमवायला मिरजेच्या कारागिराला भोपळा निवडून घ्यावा लागतो, इथे कारागीर नसतानाही एका टोकाची कुरकुर मोठी होऊन भलत्याच टोकाला ऐकू येते. त्यामुळे पेडल बदललं, बेअरिंग बदलली, हँगर सरळ केला, आणि प्रत्येक वेळी पहिले दोन किलोमीटर सगळं शांत. मग बोपदेव घाटाच्या पहिल्या वळणावर तोच आवाज, जणू बिल भरल्याची पोच देतोय.

शेवटी चीर सापडली ती सायकल धुताना. मागच्या चाकाकडे जाणारी जी आडवी नळी असते, चेनस्टे, तिच्यावर बीबीजवळ. केसाएवढी. आईला दाखवली तर ती म्हणाली, "दोरा असेल रे, पूस." पुसली. गेली नाही. मग गटाने रुपयाची नाणी काढली. कार्बन ठीक असेल तर नाण्याचा टिक असा खणखणीत आवाज येतो, आतून थर सुटले असतील तर ठप्प असा मेलेला. प्रत्येकाने आळीपाळीने वाजवून पाहिलं. चेहरे गंभीर होते, पण रांग मोडायला कुणी तयार नव्हतं.

लोखंडाच्या सायकलीला हा प्रसंग माहीत नव्हता. माझ्या वडिलांची चोवीस इंची सायकल वाकायची, गंजायची, पण मोडायच्या आधी चार महिने तसं कळवायची. मोडलीच तर वेल्डिंगवाला पितळ भरून द्यायचा आणि ती जागा उरलेल्या फ्रेमपेक्षा मजबूत निघायची. कागदपत्र म्हणून तिचा एकच होता, नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला. कार्बनची गोष्ट वेगळी. हे रेझिनमध्ये भिजवलेल्या तंतूंचे थर, साच्यात घालून भट्टीत पक्के केलेले. सगळी फ्रेम मिळून साधारण किलोभर. वाकणं तिला ठाऊकच नाही. ती एकतर ठणठणीत असते किंवा नसते, आणि या दोन अवस्थांमधल्या काळात मालकाला वॉरंटी आठवते.

माझ्या फ्रेमला आजीव वॉरंटी आहे हे मी विकत घेताना अभिमानाने सगळ्यांना सांगितलं होतं. आता पहिल्यांदाच ती पुस्तिका वाचली. वॉरंटी मूळ मालकापुरती असते, ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणजे घर मुलाच्या नावावर करता येतं, शेत करता येतं, आजीचा तांब्याचा बंब चार पिढ्या फिरतो, पण ही वॉरंटी माझ्याबरोबरच वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत येणार. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर काका हे ऐकून म्हणाले, "मग अर्जाला हयातीचा दाखला जोडलास का? नोव्हेंबरात माझा काढायचाच आहे, बरोबर जाऊ."

पुढची पानं वगळण्याची होती. अपघात वगळला. निष्काळजीपणा वगळला. नेहमीची झीज वगळली. चुकीची जोडणी वगळली, म्हणजे जिथे पाच न्यूटन मीटरचा पिळा सांगितलाय तिथे मेकॅनिकने हाताच्या अंदाजाने सहा दिला तर संपलं. धंद्यासाठी वापर, उड्या, फेरफार, सगळं वगळलं. रंगाची मुदत वेगळी आणि तोकडी. सगळी पानं वाचल्यावर कंपनीच्या मनातला आदर्श ग्राहक डोळ्यांसमोर उभा राहिला. हा गृहस्थ सायकल घेतो, त्याच संध्याकाळी नोंदणी करतो, टॉर्क पान्याने प्रत्येक स्क्रू मोजून आवळतो आणि मग सायकल दिवाणखान्यात भिंतीवर टांगून तिच्याखाली बसून पेपर वाचतो. त्याची फ्रेम कधीही तडकत नाही. तडकली तर त्याला नवी मिळते.

कंपनीचा फ्रेमवर मात्र गाढ विश्वास असतो, आणि त्याला आधारही आहे. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या एका चाचणीत फ्रेम यंत्राला बांधून पेडलांवर आळीपाळीने जोर देतात, एक लाख वेळा. एक लाख ऐकून छाती दडपली. पण आमच्या गटात एक इंजिनिअर आहेत, त्यांना कुठलाही मोठा आकडा तसाच सोडवत नाही. मिनिटाला नव्वद फेरे धरले तर लाख फेरे साडेअठरा तासांत होतात, असं त्यांनी पेपर नॅपकिनवर सिद्ध केलं. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब सवारीला, २० तासांची मुदत असते. म्हणजे एका ब्रेव्हेत अख्खं मानक संपलं! तीनेक मिनिटं सगळे संतापले. मग त्यांनीच खाली बारीक अक्षरांत लिहिलं की यंत्र प्रत्येक वेळी शंभर किलोहून जास्त वजनाइतका जोर देतं. आणि आपण पहिला घाट चढल्यावर पेडलवर पाय नुसते ठेवलेले असतात. हा नॅपकिन क्लेमला जोडायचा नाही असं एकमताने ठरलं.

क्लेमला जोडायचं होतं ते वेगळंच. पहिलं, मूळ बिल. आजीव वॉरंटीचा हा एकमेव पुरावा दुकानदाराने त्या चकचकीत कागदावर छापून दिला होता, जो उन्हाळा पाहिला की पांढरा होतो. फाईल उघडली तर आत कोरा, नीट घडी घातलेला, पंच केलेला कागद. तो फाईलमध्ये ज्या पट्टीने लावला होता ती मात्र नवीकोरी. दुकान तोपर्यंत बंद झालं होतं आणि त्या जागी मोमो मिळत होते. मोमोवाल्याने सहानुभूतीने ऐकून घेतलं.

बिलाची प्रत निघाली ती बायकोच्या संगणकातून. ती हिशेब तपासनीस आहे, आमच्या घरातलं प्रत्येक बिल तिच्याकडे स्कॅन होऊन पडलेलं असतं. प्रत देताना ती म्हणाली, "माझ्या हिशेबात तुझी सायकल केव्हाच शून्य झाली आहे. दरवर्षी घसारा काढते मी तिचा."

"अगं, आजीव वॉरंटी आहे तिला."

"तुझाही काढते," ती म्हणाली.

दुसरं, अनुक्रमांक. तो बीबीच्या खाली, म्हणजे सायकल उलटी केल्याशिवाय दिसणार नाही आणि उलटी केल्यावर चिखलामुळे दिसणार नाही अशा ठिकाणी असतो. तो आठ आहे की बी, यावर घरात दोन तट पडले. तिसरं, फोटो. चिरेचा फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून, स्पष्ट, सावली न पडता. इतक्या वर्षांत मी त्या फ्रेमवर एवढी माणसं खपताना पाहिली नव्हती. मुलगा टॉर्च धरून, मी सायकल धरून, आई फूटपट्टी धरून. फोन मात्र चीर सोडून फूटपट्टीवर, फूटपट्टी सोडून आईच्या बांगड्यांवर नजर लावायचा. शेवटी एक फोटो अप्रतिम आला. मोठा करून पाहिला तर तो खरोखरच दोरा होता.

मग प्रश्नावली. स्वाराचं वजन किती? हा प्रश्न मोठ्याने वाचला ही अडचण झाली, कारण उत्तरं तीन खोल्यांतून आली. फ्रेमला स्वाराच्या वजनाची मर्यादा असते आणि मी तिच्या पुष्कळ आत आहे, हे मी सगळ्यांना पुस्तिकेतून वाचून दाखवलं. सायकल घरातल्या ट्रेनरवर चालवली का? गाडीच्या टपावर बांधून नेली का? आणि सगळ्यात अवघड, कधी अपघात झाला का?

परदेशात बसून हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात अपघात म्हणजे एक घटना असावी, जिला तारीख असते. आमच्या रस्त्यावर पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक असतो, ज्याचा शोध चाकाला डोळ्यांच्या आधी लागतो. पाइपलाइनसाठी खणून 'तात्पुरता' बुजवलेला चर असतो, तो तीन पावसाळे तात्पुरता राहतो. पावसात साचलेलं पाणी असतं, त्याची खोली वीतभर आहे की पुरुषभर हे आत गेल्यावरच समजतं. यांतलं काहीच अपघातात मोडत नाही. याला आपण ऑफिसला जाणं म्हणतो. मी 'नाही' लिहिलं आणि त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

उत्तरं आली ती फार गोड भाषेत. माझी गैरसोय त्यांना समजत होती. माझ्या संयमाबद्दल ते आभारी होते, तोही मी दाखवण्याआधीच. दर वेळी सही करणारं माणूस वेगळं आणि दर वेळी आधीचे फोटो पुन्हा मागणारं. दुकानातला मुलगा, म्हणजे ज्या नव्या दुकानाकडे आता त्या कंपनीची एजन्सी होती तिथला, रोज एकच वाक्य म्हणायचा: "सर, मेल टाकलाय कंपनीला." तो इतक्या मनापासून म्हणायचा की मीच त्याला धीर द्यायला लागलो. श्रावण सुरू झाला, संपला, गणपती येऊन गेले.

आणि मग निकाल आला. फोटो पाहता ही चीर केवळ रंगाची असावी. रंगाची मुदत संपलेली आहे.

मी लिहिलं, रंगाची नाही, खालचा कार्बन तडकलाय, नाणं वाजवून पाहिलंय. ते म्हणाले, नाण्याचा आवाज ग्राह्य धरता येत नाही. मी विचारलं, रंग खरवडून खालचा फोटो पाठवू का? उत्तर तत्परतेने आलं: रंग खरवडल्यास तो फेरफार समजला जाईल आणि वॉरंटी रद्द होईल. मग मी काय करावं? त्यांनी सुचवलं, की सायकल सुरक्षित नसण्याची शक्यता असल्याने ती चालवू नये. म्हणजे विकायला सुरक्षित, बदलून द्यायला निर्दोष, आणि चालवायला धोकादायक. मी हा मेल छापून काढला. लेझर प्रिंटरवर, त्या चकचकीत कागदावर नाही.

इथे बँक मॅनेजर काकांचा प्रवेश झाला. काका तरुणपणी बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीत होते, वजनकाटे तपासत मंडईत फिरलेले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते म्हणतात. निवृत्तीनंतर इतकी वर्षं त्यांना एकही धडका अन्याय मिळाला नव्हता. सोसायटीच्या लिफ्टवर भागवत होते. माझी फाईल त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"जुना कायदा गेला," ते खुर्ची ओढत म्हणाले, "आता २०१९ चा. तू राहतोस तिथेच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन. वकील लागत नाही. दोन वर्षांची मुदत. किती रुपयांची आहे तुझी सायकल?"

मी आकडा सांगितला. काकांनी चष्मा काढला. त्यांची पहिली सदनिका त्याहून स्वस्त होती, आणि तिला गच्ची होती. कंपनीवरचा राग त्या क्षणी थोडा माझ्याकडे वळला, पण चळवळीचा माणूस, त्यांनी सावरलं. रात्री बसून त्यांनी नोटिशीचा मसुदा केला. बँकेत थकबाकीदारांना लिहायचे तीच इंग्रजी, 'खेदाने नमूद करणे भाग पडते'च्या वळणाची. त्यात कंपनीचाच मेल उद्धृत केला होता, धोकादायक हा शब्द दोनदा अधोरेखित. खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, पुणे.

ती नोटीस गेली की नुसती जाणार आहे हे समजलं, मला माहीत नाही. पण त्या आठवड्यात दुकानातल्या मुलाचा फोन आला. "सर, अप्रूव्ह झालं! कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. त्याने नाणं वाजवून बघितलं."

काका मात्र खट्टू झाले. त्यांनी आयोगासाठी पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता.

मंजुरीबरोबर एक अट आली: जुनी फ्रेम करवतीने कापायची आणि कापलेल्याचे फोटो पाठवायचे, म्हणजे तीच फ्रेम कुणी दुरुस्त करून परत वापरणार नाही. इतके महिने तिला काहीच झालेलं नाही असं म्हणणाऱ्यांना आता ती पुरेशी मोडलेली वाटत नव्हती. कापायचं काम आमच्या जुन्या मेकॅनिक काकांनी घेतलं. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि मी शेजारी उभा राहून बाटलीने पाणी सोडतोय. काकांनी आयुष्यभर फ्रेम जोडल्या होत्या. करवत चालवता चालवता ते तीनदा थांबले. "साहेब, वरची नळी चांगली आहे हो," ते म्हणाले, "खालचं एवढं सोडलं तर काय झालंय हिला?" या एका वाक्यासाठी कंपनीने त्यांना नोकरीत ठेवलं असतं.

तुकडे नेणार कोण, हा पुढचा प्रश्न. भंगारवाल्याने एक तुकडा हातात तोलला, नखाने खरवडला, चुंबक लावला. "लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, प्लास्टिक पण नाही. हे कशाला बनवतात साहेब?" त्याने पैसे द्यायला नकार दिला आणि न्यायला पैसे मागितले. कचरा नेणाऱ्या ताईंनी विचारलं, ओल्यात की सुक्यात. महानगरपालिकेच्या पत्रकात याचं उत्तर नाही. तुकडे सध्या माळ्यावर आहेत.

नवी फ्रेम आली, सुंदर होती. रंग मी निवडलेला नव्हता, पण फुकटच्या फ्रेमला रंग कोण विचारतो. फक्त जोडायला गेल्यावर दुकानातला मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "सर, ही डिस्क ब्रेकवाली आहे."

माझी जुनी सायकल रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाची कडच दाबून धरतो ती. २०१८ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने रोड शर्यतींत डिस्क ब्रेकला रीतसर परवानगी दिली आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी रिम ब्रेकच्या चांगल्या फ्रेम बनवणं हळूहळू सोडलं. कंपनीने माझं जुनं मॉडेल बंद केलं होतं, म्हणून आजचं मॉडेल पाठवलं. उदारपणेच म्हणायला हवं. आता मुलगा एक-एक वस्तू हातात घेऊन बाजूला ठेवू लागला. ब्रेक बसत नाहीत, लावायला जागाच नाही. चाकं बसत नाहीत: जुन्या मागच्या चाकाची रुंदी १३० मिलिमीटर, नव्या फ्रेमला लागते १४२, आणि आसही आरपार जाणारा जाडा. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणून पुढचे लिव्हर नवे. गिअर बदलायचे खटके त्याच लिव्हरमध्ये असतात, म्हणून तेही नवे. केबल आता हेडसेटमधून आत जातात, म्हणून हँडल आणि स्टेम नवे. सीटपोस्ट गोल नाही, म्हणून ती कंपनीचीच. बीबीचं माप वेगळं. या धंद्यात बीबीची इतकी मापं आहेत की दोन कंपन्यांचं एकमत झालं तर तिसरी लगेच नवं काढते.

"मग माझं काय काय चालेल?" मी विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे शोधलं. "सीट चालेल, सर. पेडल. आणि बाटलीचे स्टँड."

"आणि फ्रेम?"

"फ्रेम फ्री आहे सर." मग थोडं थांबून, "लेबर वॉरंटीत नाही."

बायकोने अंदाजपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. अशा कागदावर ती प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बारीकशी खूण करते. पहिल्या ओळीत फ्रेमपुढे शून्य रुपये होते, तिथे तिने दोन खुणा केल्या. "म्हणजे कंपनीने तुला फ्रेम फुकट देऊन उरलेली सायकल विकली," ती म्हणाली. बँक मॅनेजर काकांना यातही काही दावा होतो का ते पाहायचं आहे. सदरा अजून इस्त्रीचाच आहे.

सायकल उभी राहिली, झकास पळते, आवाज नाही. गटाला ती फारशी आवडलेली नाही. पण माझ्या गॅलरीत आता दोन उत्तम चाकं, ब्रेकचा जोड, लिव्हर, क्रँक, डिरेलर, हँडल, सीटपोस्ट असा संच पडून आहे. सगळं सुस्थितीत, कारण आवाज शोधताना निम्मं नवंच घेतलं होतं. एवढं सामान म्हणजे अख्खी सायकलच, फक्त फ्रेम नाही. हे विकायला काढलं तर कुणी विचारत नाही, सगळ्यांना डिस्क हवी. त्यापेक्षा एक जुनी रिम ब्रेकची फ्रेम मिळवली तर? हा प्रश्न मी बायकोला अजून विचारलेला नाही, पण तिने घसाऱ्याच्या तक्त्यात एक ओळ रिकामी सोडलेली मी पाहिली.

फ्रेम सापडली नाशिकला. डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पार केल्यापासून त्या गावात सायकलींची वाण नाही, आणि सगळे डिस्कवर निघाल्याने जुन्या फ्रेम स्वस्त. माणूस सज्जन वाटला. फोटो पाठवले, फूटपट्टी शेजारी ठेवून, न सांगता. त्यानेही भोगलं असणार. भाव ठरला, कुरिअरचं ठरलं, आणि फोन ठेवता ठेवता तो ओशाळून म्हणाला, "एक सांगायचं राहिलं साहेब. तुम्ही दुसरे मालक, म्हणून याला वॉरंटी-बिरंटी काही मिळणार नाही हां."

"उद्याच पाठवा," मी म्हटलं.